चित्राखालचं नाव

धान खळ्यावर पडून असताना संध्याकाळ काढून इथं आलेल्या मंडळींनो,

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचा फोटो माझ्या पाठीशी लावला आहे. हार जरा वर चढलाय, त्यामुळे हनुवटी झाकली गेली आहे. मी तीसेक वर्षं शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. फोटो दिसला की माझी नजर आधी काचेवर जाते, मग चौकटीवर आणि मग खालच्या पट्टीवर. या फोटोखालची पट्टी कोरी आहे. इथं बसलेल्या सगळ्यांना नाव तोंडपाठ, म्हणून लिहावंसं वाटलं नसेल. आजचं माझं बोलणं त्या कोऱ्या पट्टीबद्दल आहे.

संयोजकांनी विषय दिला होता, चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांतलं नेतृत्व आणि सार्वजनिक जीवन. विषय मोठा आणि तो सांगायला इतिहासाचे प्राध्यापक आहेत. मला चित्रं कळतात. तेव्हा हा इतिहास मी भिंतीवरून सांगतो. कुणाचं चित्र लागलं, कुणाचं लागलंच नाही, आणि चित्रात असूनही कुणाचं नाव कुणी विचारलं नाही.

सुरुवात दगडापासून करू. चंद्रपुरात जटपुरा दरवाजातून आपण रोज जातो. ऑटो, ट्रक आणि शाळेच्या बसच्या गर्दीत वर बघायला सवड नसते. एकदा बाजूला उभं राहून बघा. हत्तीवर मात करणारा सिंह, गोंड राजांचं राजचिन्ह, दगडात कोरलेलं. त्यात राजाचा चेहरा नाही, नाव नाही, साल नाही. अक्षर न येणाऱ्या माणसानं गावात शिरताना मान वर केली की त्याला कळावं, इथं सत्ता कुणाची. आजच्या चौकातल्या फ्लेक्सचं काम तेच, फक्त फ्लेक्स पावसाळ्यात फाटतो आणि हा सिंह शतकानुशतकं ऊन खातोय.

खांडक्या बल्लाळशहानं शहर वसवलं, राणी हिराईनं महाकालीचं देऊळ बांधलं, नवऱ्याची, बीरशहाची, समाधी उभारली, हे आपण पोरांना सांगतो. पण यांच्यापैकी कुणाचंही हयातीतलं चित्र माझ्या पाहण्यात नाही. हिराईचं एक चित्र मी एका फलकावर पाहिलं. नऊवारी, नथ, डोक्यावर पदर. सरळसरळ मराठा राणीच्या कॅलेंडरवरून उचललेलं. गोंड राणीच्या अंगावर कोणते दागिने असतील, हे विचारायला चित्रकार कुणाकडे गेला नव्हता. पैसे देणाऱ्यानंही विचारलं नसावं.

१७५१ ला गोंडांचं राज्य गेलं, भोसल्यांचं आलं. १८५४ ला नागपूरचं राज्य खालसा झालं आणि चांदाही, म्हणजे हे आपलं चंद्रपूरच, इंग्रजांकडे गेला. पुण्यात १८७८ ला विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या मंडळींनी चित्रशाळा काढली, पुढं रविवर्म्याचा छापखाना आला, आणि छापील रंगीत चित्रं यात्रेतल्या दुकानदारांच्या पेट्यांतून गावोगाव पोचली. देवांच्या शेजारी माणसं टांगायची सवय लोकांना तिथून लागली. आधी नाना फडणवीस, मग टिळक, मग गांधी. खिळा तोच.

खिळ्यावरून एक गोष्ट आठवली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ग्रामपंचायतीनं माझ्याकडे दादासाहेब कन्नमवारांचा फोटो काच बदलायला दिला. मागचे खिळे काढले, पुठ्ठा सोडवला. पुठ्ठा उलटा करून बघतो तर त्यावर पंचम जॉर्ज आणि त्याची राणी, मुकुट घालून बसलेले! राजाच्या पाठीला पाठ लावून आमचे कन्नमवार इतकी वर्षं त्या भिंतीवर होते. चौकट सागवानी, चांगली जड. स्वातंत्र्य आलं म्हणून चौकट फेकायची कशाला, असा व्यवहारी विचार कुणीतरी केला असणार. मी दोघांनाही पुन्हा होते तसेच बसवले.

कन्नमवारांबद्दल आपल्याकडे अभिमानानं बोलतात, पण थोडंच बोलतात. पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये चांद्याचे हे गृहस्थ महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री झाले. वर्षभरात, २४ नोव्हेंबर १९६३ ला, पदावर असतानाच वारले. दोनच दिवस आधी अमेरिकेत केनेडींचा खून झाला होता. जगभरच्या पेपरांची पानं त्या चेहऱ्यानं भरलेली. तरुणपणी वर्तमानपत्रं विकणाऱ्या माणसाच्या मरणाच्या बातमीला अशा दिवसांत जागा मिळवावी लागली. मुंबईत विक्रोळीच्या कन्नमवार नगरात हजारो लोक राहतात. त्यांतल्या किती जणांनी त्यांचा चेहरा पाहिला असेल, मला शंका आहे.

आता ज्यांच्यासाठी मी सगळ्यांत जास्त रंग खर्च केला त्यांच्याकडे येतो. बाबुराव पुल्लेसूर शेडमाके. मोलमपल्लीच्या जमीनदाराचा मुलगा, जन्म १८३३. सत्तावन्नच्या उठावाची धग इकडं पोचली तेव्हा त्यांनी जंगोम सेना उभी केली. मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. एप्रिलच्या अखेरीस प्राणहितेकाठी चिंचगुंडीला इंग्रजांच्या तारखात्याच्या तळावर हल्ला झाला, त्यात दोन गोरे मारले गेले. त्यानंतर कॅप्टन क्रिक्टननं अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दाब टाकला आणि सप्टेंबरात बाबुराव पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फाशी. वय पंचवीस. ताडवा खाल्ल्यामुळे दोर तीनदा तुटला, असं आपल्याकडची म्हातारी माणसं सांगतात. ती कथा म्हणूनच सांगायची, पण सांगायची. जिथं फाशी झाली त्या तुरुंगातल्या पिंपळाखाली दर २१ ऑक्टोबरला माणसं जमतात.

त्याच १८५८ मध्ये दिल्लीत कैदेतल्या बहादूरशहा जफरचा फोटो काढला गेला. पलंगावर रेललेला थकलेला म्हातारा, तो तुम्ही पाठ्यपुस्तकात पाहिलाय. पुढच्या वर्षी तात्या टोप्यांना फाशी देण्याआधी एका इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांचं रेखाचित्र काढून घेतलं. बिरसा मुंडांचा हात बांधलेला फोटो आहे. इंग्रजांना ज्याची किंमत वाटली त्याला त्यांनी पाहून तरी घेतलं. आमच्या बाबुरावांसमोर कॅमेरा आला नाही, पेन्सिल आली नाही. निकाल आला आणि दोर आला.

मग आज पोस्टाच्या तिकिटापासून चौकातल्या पुतळ्यापर्यंत दिसणारा तो चेहरा कुणाचा? फेटा, टोकदार मिशा, कमरेला तलवार. तो आमच्यासारख्यांच्या हातातून उतरलेला चेहरा आहे. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शिवाजी महाराजांचं चित्र म्हणून महाराष्ट्रानं किती वर्षं इब्राहिमखानाचा चेहरा पुजला, आणि वा. सी. बेंद्र्यांनी जुन्या डच पुस्तकातलं अस्सल चित्र पुढं आणलं तेव्हा कुठं ती चूक दुरुस्त झाली, हे तुम्हाला ठाऊक आहे. महाराजांची ही कथा, तर मोलमपल्लीच्या पोराचं काय.

माझ्या हातचा बाबुराव कसा झाला ते सांगतो. मुलचेरा भागातल्या एका शाळेची भिंत होती. गावानं वर्गणी काढली होती. मी तिकिटावरच्या चित्रावर चौकटी आखल्या, भिंतीवर खडूनं मोठ्या चौकटी आखल्या आणि पहिल्या दिवशी घोडा, पगडी, तलवार एवढं उतरवलं. संध्याकाळी एक म्हातारे आजोबा काठी टेकत आले. बराच वेळ बघत राहिले.

"मास्तर, हा तं सिनेमातला दिसते जी."

"का बाबा?"

"बांबूच्या बेटात घोडा शिरते काय जी? पायी फिरला तो. पायी लढला."

मला पटलं. रात्री बसून घोडा पुसला. दुसऱ्या दिवशी बाबुरावांना जमिनीवर उतरवलं, खांद्यावर घोंगडं दिलं. चेहऱ्यासाठी आठवीतल्या एका पोराच्या बापाला समोर बसवलं. बांबू तोडायला जाणारा माणूस होता. गालाची हाडं वर, डोळे खोल, नजर अशी की रंगवताना माझा हात जरा जपून चालायचा. दोन दुपारी तो हालचाल न करता बसला. मजुरी बुडाली, तरी पैसे घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी समितीची मंडळी आली आणि म्हणाली, "घोड्याविना वीर कसा दिसंल मास्तर?" घोडा परत आला. वर्गणी त्यांची होती.

चेहरा मात्र तोच राहिला. त्या भिंतीवर आजही बाबुराव म्हणून तो बांबू तोडणारा माणूस बघतोय. खाली मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, वीर बाबुराव शेडमाके. कोपऱ्यात माझी सही केली, तारीख टाकली. त्या माणसाचं नाव मी कुठंच टिपलं नाही, आणि आज ते मला आठवत नाही. कोरी पट्टी दुसऱ्यांची दाखवायला निघालोय खरा, पण पहिला गुन्हा माझा आहे.

या गुन्ह्याला परंपरा मोठी आहे. १८६८ पासून इंग्रजांनी 'पीपल ऑफ इंडिया' नावाचे फोटोंचे आठ खंड काढले. माणसांचे नमुने. १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे चार खंड लंडनहून निघाले. अभ्यास मोलाचा आहे, आजही त्याशिवाय चालत नाही. त्यातला एक फोटो बघा. खाली काय लिहिलंय? प्रवासाला निघालेले गोंड. कुठं निघाले होते, कुणाच्या लग्नाला की कुणाच्या मातीला, कोण कुणाचा मामा, काही नाही. राजाचं, जमीनदाराचं, साहेबाचं चित्र निघालं की खाली नाव. आदिवासीचं निघालं की खाली जात. ही पद्धत इंग्रजांबरोबर गेली असं आपल्याला वाटतं. त्याकडे मी पुन्हा येतो.

चिमूरकडे वळू. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, शाळकरी वयाचा बालाजी रायपूरकर पडला. खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. नंतर फौज आली आणि गावातल्या बायांवर जे अत्याचार झाले त्याची बातमी बाहेर जाऊ नये म्हणून सरकारनं जंग जंग पछाडलं. डॉ. मुंजे गावात जाऊन आले. प्रा. भन्साळी चौकशीच्या मागणीसाठी आधी दिल्लीत बापूजी अण्यांच्या दारात बसले, पुढं सेवाग्रामला, आणि त्यांचा उपास ६३ दिवस चालला. उपासाची बातमी छापायलाही बंदी, म्हणून वर्तमानपत्रांनी एक दिवस अंक बंद ठेवले. तुकडोजी महाराजांना ऑगस्टअखेर चांद्यातच अटक झाली. फाशीच्या शिक्षा झालेल्यांसाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे वर्षानुवर्षं झटल्या आणि त्या शिक्षा अखेर १९४५ मध्ये रद्द होऊन जन्मठेपेवर आल्या.

त्या दिवसांचा चिमूरचा एकही फोटो मी पाहिलेला नाही. बंदीचा अर्थ हाच असतो. चिमूर म्हटलं की आपण तुकडोजी महाराजांचं चित्र लावतो, खंजिरी हातात, नजर वर. ते योग्यच आहे. महाराजांचं चित्र नाही असं गाव आपल्या पूर्व विदर्भात शोधून दाखवा. पण त्या चित्रामागं चिमूरच्या बाया आहेत, आणि इथं मला थांबावं लागतं. आत्तापर्यंत मी नाव लिहा, नाव लिहा म्हणत आलो. या बायांची नावं मात्र कुणी फळ्यावर लिहू नयेत. ज्यांनी पुढं येऊन साहेबासमोर साक्ष दिली, त्यांनी ती आपल्या मर्जीनं दिली. ज्या गप्प राहिल्या त्यांचं गप्प राहणंही आपण राखलं पाहिजे. नाव लिहायचं की नाही, हे ज्याचं नाव आहे त्यानं ठरवायचं. बांबू तोडणाऱ्या त्या माणसाला मी विचारलंच नव्हतं. विचारून तो नको म्हणाला असता तर गोष्ट वेगळी होती.

चौदा वर्षांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेब चांद्याला आले. नागपूरची १४ ऑक्टोबरची छायाचित्रं जगानं पाहिली. दोन दिवसांनी इथं झालेल्या दीक्षेची फार थोडी दिसतात. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागड्यांनी त्या सोहळ्यासाठी धडपड केली, पुढं ते राज्यसभेचे उपसभापती झाले. चांद्याच्या दीक्षेनंतर बाबासाहेब एक्कावन्न दिवस जगले. मधुमेहानं, पायाच्या दुखण्यानं शरीर थकलं होतं. तो थकवा आपल्या पुतळ्यांत नसतो. निळा कोट, हातात ग्रंथ, उचललेलं बोट. संसदेच्या आवारात १९६७ ला ब्रह्मेश वाघांनी घडवलेला पुतळा उभा राहिला, आणि त्या ठेवणीची आठवण खेड्यापाड्यांतल्या किती पुतळ्यांत दिसते! खेड्यातला गवंडी ते बोट सिमेंटनं घडवतो आणि बोट जरा जाड होतं. मला ती जाड बोटं आवडतात. त्यांत घडवणाऱ्याचा हात दिसतो.

पण चांद्याच्या त्या दिवसाला मैदानावर जी हजारो माणसं होती, पांढरं नेसून, पोरं कडेवर घेऊन, मूल-सावली-ब्रह्मपुरीकडून चालत आणि बैलबंडीनं आलेली, त्यांचे फोटो कुठं आहेत? मला वाटतं, आहेत. ट्रंकांत आहेत. कुणाच्या तरी आजीच्या लुगड्याच्या घडीत आहेत. मी स्वतः असे दोन पाहिले. एकावर मागं नागपूरच्या स्टुडिओचा शिक्का, दुसऱ्यावर वाळवीची नक्षी. नाव दोन्हींवर नाही.

लाल श्यामशाहांचं नाव तर आजच्या तरुण मुलांना सांगावं लागतं. १९६२ ला चांदा लोकसभेतून हा पानाबरसचा आदिवासी नेता अपक्ष निवडून गेला आणि आदिवासींच्या प्रश्नावर खासदारकी सोडून परत आला. खासदारकी सोडणाऱ्याचं चित्र सरकारी भिंतीवर लागत नाही. जयंत्यांचं परिपत्रक दरवर्षी निघतं, त्यात त्यांची ओळ नाही. एवढंच सांगून पुढं जातो.

आता आपल्या डोळ्यांसमोरच्या काळाकडे. १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावानं 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' असं म्हटलं, २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, आणि २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात येऊन बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हवाली करून गेले. पेपरांत फोटो आले. देवाजी तोफांना लोक ओळखू लागले. पण देवाजींनाच विचारा, ते ग्रामसभेकडे बोट दाखवतील. तिथं निर्णय सर्वांच्या संमतीनं होतो.

मग ग्रामसभेचं चित्र काढायचं कसं? तिला खुर्ची नाही, व्यासपीठ नाही, मधोमध बसलेला कुणी नाही. मी एकदा नववीच्या वर्गाला हाच विषय दिला. बहुतेकांनी टेबल काढलं, टेबलामागं सरपंच, गळ्यात हार. एका मुलीनं मात्र सभा वरून काढली, झाडावर चढून बघावी तशी. मधे मोहाचं झाड, भोवती डोक्यांचे गोल. प्रत्येक गोलाखाली बारीक अक्षरात नाव. आई, आजा, मामी, कोतवाल, सगळे. कागद नावांनी भरून गेला होता. मी तिला दहापैकी पाच दिले, कारण पर्स्पेक्टिव्ह चुकलं होतं. आज ते गुण परत घेता आले असते तर घेतले असते.

आता मघाशी राहिलेलं, फोटोखाली माणसाचं नाव न लिहिण्याची ती पद्धत. गडचिरोलीत १९९३ ला दारूबंदी झाली. चंद्रपुरात बायांनी ती वर्षानुवर्षं मागितली, २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ ला बंदी लागली, २०२१ ला उठली. बंदी योग्य की अयोग्य, यावर या सभागृहात दोन तट पडतील, तो वाद आज नको. मी फक्त फोटोखालच्या ओळी वाचून दाखवतो. नेत्यांचा फोटो असला की डावीकडून पहिलं नाव, दुसरं नाव, तिसरं नाव. बायांचा असला की 'मोर्चात सहभागी झालेल्या महिला'. प्रवासाला निघालेले गोंड आणि मोर्चात सहभागी झालेल्या महिला. शंभर वर्षांत आपण किती चाललो ते मोजून बघा. त्या रांगेतल्या बाया तर परक्या नाहीत. कुणाची आई आहे, कुणाची भावजय आहे. विचारलं असतं तर नाव सांगितलं असतं, वर गावही सांगितलं असतं.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. संक्रांतीपर्यंत घरातली जुनी ट्रंक एकदा खाली काढा. बेचाळीसचा, छप्पन्नचा, जिल्हा झाला त्या दिवसाचा, तेंदूपत्त्याच्या फळीवरचा, मोर्चाचा, शाळेच्या उद्घाटनाचा, जो फोटो सापडेल तो घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसासमोर ठेवा आणि विचारा, हे कोण. डावीकडून उजवीकडे. नाव, गाव, साल. लिहायला मऊ पेन्सिल घ्या, बॉलपेन नको. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला उमटते आणि पाच-दहा वर्षांत शाई पसरते. फोटो पालथा घालून काचेवर ठेवा आणि हलक्या हातानं लिहा. जे नाव कुणालाच आठवत नाही तिथं जागा मोकळी सोडा, अंदाज लिहू नका. ज्याचं नाव आहे तो किंवा ती नको म्हणाली तर लिहू नका. फोटो कुणाला देऊ नका, तुमचेच राहू द्या. या वाचनालयात शनिवारी दुपारी मी बसतो, मोबाईलवर त्याची नक्कल काढून घेईन आणि मूळ लगेच परत करीन.

सभा संपल्यावर जाण्याआधी जिन्याजवळच्या टेबलावरून प्रत्येकानं एक पेन्सिल घेऊन जावी. टूबी आहे, टोक करून ठेवली आहे.